तंत्रज्ञानाची बातमी हसनाबादला पोहोचते तेव्हा

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात हसनाबाद नावाचे गाव आहे. आजूबाजूच्या खेड्यांचा राबता असलेले, सभोवती कापूस आणि मक्याची शेते असलेले हे गाव. शेतीचे सारे गणित पावसावर. २०१५ साली मराठवाड्यात भीषण दुष्काळ पडला. त्या वर्षीचा पावसाळा संपल्यावर तेथील एका शाळेत विज्ञानमंडळाच्या कार्यक्रमासाठी माझे जाणे झाले. व्याख्यान संपल्यावर नेहमीप्रमाणे 'कोणाला काही विचारायचे आहे का?' असे मी म्हटले. थोडा वेळ शांतता. मग नववीतील एक मुलगी उभी राहिली. तिच्या हातात वर्तमानपत्राचे एक कात्रण होते.

"सर, विमानानं पाऊस पाडला असं पेपरात आलं होतं. मग आमच्याकडं का नाही पडला?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही, कारण प्रश्न अगदी बरोबर होता. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे रडार बसवून, विमानातून ढगांवर रसायन फवारण्याची मोहीम राज्य शासनाने सुरू केली होती. 'कृत्रिम पाऊस' हा शब्द तेव्हा लहानथोरांच्या तोंडी झाला होता. मी फळ्यावर ढगाची आकृती काढली आणि ढगाचे पदार्थविज्ञान सांगितले. सांगितले ते बरोबर होते. पण परतीच्या एस. टी.त बसल्यावर लक्षात आले, की तिचा प्रश्न अर्धाच सुटला होता. तो निम्मा ढगाविषयी होता आणि निम्मा पेपराविषयी. ढगाचा भाग अगोदर घेऊ, कारण त्यावाचून दुसरा भाग समजणार नाही.

ढगात काय घडते?

ढग म्हणजे वाफ नव्हे; वाफ डोळ्यांना दिसत नाही. ढग हा पाण्याच्या अतिसूक्ष्म थेंबांचा समूह असतो. अशा एका थेंबाचा व्यास सुमारे २० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग धरा. इतका हलका थेंब इतक्या सावकाश खाली येतो, की वर चढणारी हवा त्याला सहज तोलून धरते. पावसाच्या थेंबाचा व्यास सुमारे २ मिलिमीटर. म्हणजे व्यासात शंभर पट फरक; आणि घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने पावसाचा एक थेंब तयार व्हायला ढगातील दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात! अनेक ढग न बरसताच विरून जातात, त्याचे कारण हे आहे. पाणी असते, पण ते एकत्र येत नाही.

ते एकत्र यावे म्हणून दोन युक्त्या आहेत. ढगाचा वरचा भाग पुष्कळदा शून्य अंश सेल्सिअसखाली गेलेला असतो आणि तरीही तेथील पाणी गोठलेले नसते. अशा अतिशीत पाण्यात बर्फाचा कण सापडला, की त्याभोवती बाष्प भराभर गोठून तो जड होतो आणि खाली पडू लागतो. १९४६ साली अमेरिकेत व्हिन्सेंट शेफर यांनी कोरड्या बर्फाने हे घडवून दाखविले. त्याच वर्षी बर्नार्ड व्हॉनेगट यांच्या ध्यानात आले, की सिल्व्हर आयोडाइडच्या स्फटिकाची रचना बर्फाच्या स्फटिकाशी मिळतीजुळती असल्यामुळे पाणी त्यालाच बर्फ समजून त्यावर गोठते. दुसरी युक्ती उबदार ढगांसाठी. मिठासारखे किंवा कॅल्शियम क्लोराइडसारखे ओलावा शोषणारे कण ढगाच्या तळाशी सोडायचे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते, तीच गोष्ट. या कणांवर मोठे थेंब तयार होतात आणि खाली येताना ते लहान थेंबांना आपल्यात सामावून घेतात.

दोन्ही युक्त्यांत एक अट समान आहे. ढग आधीच असला पाहिजे, तोही पुरेसा जाड आणि पुरेशा पाण्याचा. कोरड्या आकाशातून विमान कितीही फिरले तरी पाऊस येणार नाही. हसनाबादच्या त्या मुलीला मी दिलेले उत्तर एवढेच होते.

अठरा टक्के म्हणजे किती?

समजा, ढगावर फवारणी झाली आणि अर्ध्या तासाने पाऊस पडला. फवारणीमुळे पडला का? तो ढग आपला आपण बरसणार नव्हता कशावरून? तोच ढग परत आणून फवारणी न करता पाहता येत नाही. प्रयोगशाळेत आपण लोलकाची लांबी बदलून आवर्तकाल पुन्हा मोजतो. येथे ती सोय नाही. मग उपाय एकच. सारखे दिसणारे पुष्कळ ढग घ्यायचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांतील काही फवारणीसाठी निवडायचे, काही तसेच सोडायचे आणि दोन्ही गटांच्या पावसाची तुलना करायची.

असा प्रयोग आपल्या महाराष्ट्रातच झाला आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूर परिसरात २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत तो केला. सोलापूर हा पर्जन्यछायेतील, म्हणजे सह्याद्रीने पाऊस अडविल्यामुळे कोरडा राहणारा प्रदेश. तेथे ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या जाळण्यात आल्या. २०२३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. फवारणी केलेल्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला, सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात, पाऊस सरासरीने १८ टक्के अधिक पडला.

हा आकडा नीट पाहा. जेथे एरवी १० मिलिमीटर पाऊस पडला असता, तेथे ११.८ मिलिमीटर पडला. वाढ १.८ मिलिमीटरची. हे थोडे का? एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. तेव्हा ही वाढ हेक्टरी अठरा हजार लिटर झाली. पिकाच्या दृष्टीने ती क्षुल्लक नाही. पण जेथे एरवी शून्य मिलिमीटर पडणार, तेथे शून्याचे १८ टक्के शून्यच.

आता 'विमानाने पाऊस पाडला' आणि 'योग्य ढग असतील तर फवारणीने पाऊस सरासरी १८ टक्के वाढतो' ही दोन वाक्ये शेजारी ठेवा. २०१५ साली दुसरे वाक्य कोणालाच लिहिता आले नसते, हे खरे. सोलापूरचा प्रयोग तेव्हा व्हायचा होता आणि औरंगाबादची मोहीम ही प्रयोग नव्हे, तर दुष्काळातील उपाययोजना होती. पण 'फवारणी झाली नसती तर किती पडला असता?' हा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. त्यासाठी विमान लागत नाही की रडार लागत नाही. आणि तो बातमीत असता, तर त्या मुलीला तो व्याख्यात्याला विचारावा लागला नसता.

'कृत्रिम पाऊस' हा शब्दच मला खटकतो. कृत्रिम रेशीम म्हणजे कारखान्यात केलेले रेशीम. त्या चालीवर कृत्रिम पाऊस म्हणजे माणसाने केलेला पाऊस असा ऐकणाऱ्याचा समज होणारच. इंग्रजीत या क्रियेला ढगात बी पेरणे अशा अर्थाचे नाव आहे. पेरणी हा शब्द आपल्या घरचा. पेरले म्हणजे उगवलेच असे हसनाबादचा कोणताही शेतकरी समजत नाही. 'ढगांची पेरणी' असे छापले असते तर निम्मा गैरसमज झालाच नसता.

बातमीचा प्रवास

तंत्रज्ञानाची बातमी मराठी वाचकापर्यंत कशी येते? संशोधक आपला निबंध इंग्रजीत लिहितो. त्यात प्रत्येक आकड्याला मर्यादा जोडलेली असते: किती चूक संभवते, कोणत्या परिस्थितीत, किती निरीक्षणांवरून. त्यावरून संस्था एक प्रसिद्धिपत्रक काढते. तेही बहुधा इंग्रजीत आणि त्यात मर्यादा एका वाक्यात उरतात. वृत्तसंस्था त्याची चार परिच्छेदांची बातमी करते. ती रात्री मराठी दैनिकाच्या उपसंपादकापुढे येते. त्याच्यासमोर त्याच वेळी विधानसभा, क्रिकेट, अपघात आणि बाजारभाव असतात. तो भाषेचा जाणकार असतो. विज्ञानाची परीक्षा त्याने दहावीनंतर दिलेली असेलच असे नाही. त्याला भाषांतरासाठी वीस मिनिटे आणि छापण्यासाठी चार इंच जागा मिळते. मग अगोदर काय गळते? मर्यादा सांगणारे ते एक वाक्य.

खालून वर जाणाऱ्या बातमीची स्थितीही फारशी वेगळी नाही. खेड्यातला वार्ताहर हा बहुधा पूर्णवेळ पत्रकार नसतो. दुकान, शेती किंवा दुसरी नोकरी सांभाळून तो बातम्या पाठवितो, आणि पुष्कळदा अंकविक्री व जाहिराती मिळविणे हेही त्याच्याच गळ्यात असते. गावात नवे यंत्र आले तर विक्रेता सांगेल तेच तो लिहिणार, कारण विचारायला दुसरा माणूस नसतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

या प्रवासात सर्वाधिक हाल होतात ते एककांचे. माझ्या वर्गात मी दरवर्षी एक वाक्य फळ्यावर लिहितो: 'या सौर प्रकल्पातून दररोज १० मेगावॅट वीज तयार होणार.' अशी वाक्ये तुम्ही वाचली असतीलच. चूक सापडली का? मेगावॅट हे शक्तीचे एकक आहे, ऊर्जेचे नाही. 'ही मोटार दररोज ताशी ६० किलोमीटर जाते' असे म्हणण्यासारखेच ते झाले. मोटार दिवसभरात किती अंतर गेली हे त्यावरून कळत नाही. घरच्या वीजबिलावरचे 'युनिट' म्हणजे किलोवॅट-तास. ते ऊर्जेचे एकक. १० मेगावॅट म्हणजे १०,००० किलोवॅट. प्रकल्प चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालला तर २,४०,००० युनिटे मिळतील. पण रात्री सूर्य नसतो, सकाळ-संध्याकाळ तो तिरपा असतो, आणि ढगही येतात. वर्षाची सरासरी काढली तर क्षमतेच्या सुमारे पाचवा हिस्सा हाती येतो. म्हणजे रोजची ४८,००० युनिटे. वाचकाला हवा असतो तो हा आकडा, आणि बातमीत नेमका तोच नसतो.

दुसरी खोड मोठ्या संख्यांची. मिलियन म्हणजे दहा लाख आणि बिलियन म्हणजे शंभर कोटी, म्हणजेच एक अब्ज. घाईत बिलियनचे कोटी होतात आणि बातमी शंभर पटीने लहान होते. शंका आली की भागाकार करून पाहावा. एखाद्या योजनेचा खर्च लाभार्थींच्या संख्येने भागला आणि माणशी तीन रुपये आले, तर कोठे तरी शून्ये सांडली आहेत असे खुशाल समजावे.

नांगराच्या कारखान्यातून निघालेले मासिक

तुम्ही म्हणाल, मराठीत तंत्रज्ञानावर लिहिण्याची परंपराच नाही, मग असे होणारच. परंपरा आहे, आणि जुनी आहे. 'दर्पण' काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' हे मासिक सुरू केले, त्यात शास्त्रीय विषयांवर लेख असत. १९२८ साली प्रा. गोपाळ रामचंद्र परांजपे या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी सहकाऱ्यांसह 'सृष्टिज्ञान' सुरू केले. १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिची पत्रिका निघू लागली. पण या परंपरेतील मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण एका कारखान्याचे आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा तो घ्यायला कोणी पुढे येईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत होती. चांगले यंत्र असून भागत नाही, ते का चांगले आहे हे गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत सांगावे लागते, हा धडा कारखान्याने तेव्हाच घेतला. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले. पुढे त्याचेच 'किर्लोस्कर' हे सर्वांनी वाचायचे मासिक झाले. सुरुवात मात्र झाली ती नांगर, मोट आणि चरक यांच्या जगातून.

येथे एक तुलना करू. स्वीडन देशाची लोकसंख्या सुमारे एक कोटी. तेथे १९६७ साली 'नी टेक्निक' नावाचे, केवळ तंत्रज्ञानाला वाहिलेले साप्ताहिक निघाले. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. आठ पट माणसे असूनही अभियांत्रिकीला वाहिलेले तसे साप्ताहिक मराठीत उभे राहिले नाही. का? स्वीडनचा अभियंता आपल्या भाषेत शिकतो, आपल्या भाषेत नोकरी करतो; त्याला विकायच्या यंत्राची जाहिरातही त्याच भाषेत असते. आपला अभियंता इंग्रजीत शिकतो, इंग्रजीत अहवाल लिहितो आणि तंत्रज्ञानाची बातमी इंग्रजीतच वाचतो. त्याच्यासाठी जाहिरात देणाराही इंग्रजीतच देतो. वाचक गेला, त्याच्यामागे जाहिरात गेली, आणि मग वार्ताहर नेमायला पैसा उरला नाही. भाषा मोठी असूनही तंत्रज्ञानाच्या बातमीची बाजारपेठ लहान राहिली ती यामुळे.

हा तर्क बरोबर असेल, तर जो धंदा मराठीत चालतो त्याचे तंत्रज्ञान मराठीत भरपूर छापले गेले पाहिजे. तसेच घडले आहे! शेती मराठीत चालते. शेतीची मराठी मासिके कित्येक वर्षे चालली आहेत, आणि २००५ साली 'ॲग्रोवन' हे केवळ शेतीचे दैनिक सुरू झाले. ठिबकच्या नळ्या कशा धुवाव्यात, माती परीक्षणाचा अहवाल कसा वाचावा, फवारणी पंपाचे नोझल कोणते घ्यावे, हे मराठीत रोज छापून येते. मोबाइलच्या नव्या नमुन्यांची माहिती देणाऱ्या पुरवण्यांपेक्षा हे लिखाण मला अधिक अस्सल तंत्रज्ञान-पत्रकारिता वाटते. लिहिणाऱ्याला ठाऊक असते, की चूक झाली तर वाचक उद्या शेतात ती करून बसणार.

एकशेवीस ग्रॅमचे पाकीट

पण शेतीच्या बाबतीतही एक बातमी नीट सांगायची राहिली, आणि ती आपल्याच जिल्ह्याच्या दारातली होती. जालना हे बियाणे उद्योगाचे मोठे केंद्र. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको ही कंपनी स्थापन केली. भारतात बीटी कापसाच्या ज्या पहिल्या वाणांना मार्च २००२ मध्ये मंजुरी मिळाली, ती याच कंपनीची. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे एक जनुक कापसात घातले, म्हणजे बोंडअळीला मारक असे प्रथिन झाड स्वतःच तयार करते. मोठी बातमी होती ती, आणि ती मोठ्या मथळ्याने छापलीही गेली.

बियाण्याच्या खोक्यात ४५० ग्रॅम बीटी बियाणे असे, आणि सोबत १२० ग्रॅमचे एक छोटे पाकीट. त्यात साधे, बिगर-बीटी बियाणे. हे बी शेताच्या कडेने लावायचे, असा नियम होता. आता सांगा, ज्याने अळी न लागणाऱ्या बियाण्यासाठी पैसे मोजले, तो अळी लागणारे बी आपल्या शेतात का लावील? बहुसंख्य शेतकऱ्यांनी ते लावले नाही. १२० ग्रॅम म्हणजे एकूण ५७० ग्रॅमच्या जवळजवळ २१ टक्के. एवढी जागा अळीसाठी सोडायची ही गोष्ट कारण कळल्याशिवाय कोणालाही पटणार नाही.

कारण असे. लाखो अळ्यांत एखादी निसर्गतःच त्या प्रथिनाला दाद न देणारी असते. शेतात सगळीकडे बीटीच असेल तर बाकीच्या मरतात, आणि उरलेल्या दणकट अळ्यांचे पतंग आपापसांत जोड्या जमवितात. त्यांची सारी प्रजा दणकटच निघते. कडेला साधा कापूस असेल, तर तेथे साध्या अळ्या भरपूर वाढतात. त्यांचे पतंग शेतभर उडतात, आणि दणकट पतंगाला जोडीदार मिळतो तो बहुतेक वेळा साधाच. दणकटपणाचा गुण अप्रभावी असेल, तर मेंडेलच्या वाटाण्यावरून तुम्हाला ठाऊक आहे त्याप्रमाणे, या जोडीची पिल्ले बीटी खाऊन मरतात. म्हणजे तो कडेचा कापूस अळीला दिलेले दान नव्हते. महागड्या बियाण्याचे आयुष्य वाढविणारा तो विमा होता. आणि तो एकट्याने उतरवून भागत नाही, कारण पतंगाला बांध कळत नाही. गावानेच ठरवावे लागते.

दोन जनुकांचा सुधारित कापूस २००६ मध्ये आला. पहिल्या प्रथिनाला न जुमानणारी गुलाबी बोंडअळी २०१० च्या सुमारास गुजरातमध्ये आढळल्याचे जाहीर झाले. पुढे ती दोन्ही प्रथिनांना पुरून उरली आणि २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात तिने कापसाचे इतके नुकसान केले, की शासनाला मदत जाहीर करावी लागली. सारा दोष त्या न लावलेल्या पाकिटाचा नव्हे. कापसाचे पीक फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभे ठेवण्याची सवय, म्हणजेच अळीला बारमाही अन्न मिळणे, हेही मोठे कारण होते. नंतर साधे बियाणे बीटी बियाण्यातच मिसळून देण्याची पद्धत आली, म्हणजे न लावण्याचा प्रश्नच उरला नाही.

पाकिटावर सूचना होती, माहितीपत्रके होती, कृषी विभागही सांगत होता. पण 'पाच ओळी लावा' एवढे सांगणे वेगळे आणि पतंगांच्या लग्नाचे गणित समजावून देणे वेगळे. दुसरे काम बातमीचे होते. २००२ ते २०१७ या पंधरा वर्षांत दर जूनमध्ये ते करता आले असते. माझे मत विचाराल तर, गेल्या पाव शतकात मराठवाड्यातील तंत्रज्ञानाची याहून मोठी बातमी झाली नाही, आणि तिचा महत्त्वाचा भाग सांगायचा राहून गेला.

बाटलीतला पाऊस

आता पुन्हा पावसाकडे येऊ. शासकीय मदतीच्या नियमांत महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी धरतात. मंडळाचा आकडा एका ठिकाणच्या यंत्रावरून येतो. पाऊस मात्र शिवाराशिवारात वेगळा पडतो. तेव्हा 'मंडळात ६२ मिलिमीटर' ही एका ओळीची बातमी काही घरांच्या दृष्टीने मुख्यमंत्र्यांच्या भाषणापेक्षा मोठी असते. ती तपासून पाहण्याचे साधन तुम्ही स्वतः करू शकता.

सरळ बाजूंची, सपाट तळाची बरणी घ्या. ती झाडांपासून आणि भिंतींपासून दूर, उघड्यावर, कलंडणार नाही अशी बसवा. तोंड केवढे आहे याची काळजी नको. बाजू सरळ असल्या की पाण्याची मिलिमीटरमधील उंची हाच पाऊस. उन्हाने पाणी उडू नये म्हणून तोंडावर नरसाळे ठेवले, तर मात्र हिशेब बदलतो. नरसाळ्याचा व्यास १० सेंटिमीटर आणि बरणीचा ५ सेंटिमीटर असेल, तर क्षेत्रफळ चौपट. म्हणून बरणीतील ४० मिलिमीटर म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. हवामान खाते सकाळी साडेआठला नोंद घेते. तुम्हीही तीच वेळ पाळा, नाहीतर तुलना व्हायची नाही. आणि पाऊस न पडलेल्या दिवशीही नोंद करा. शून्य हाही आकडा आहे. कोरा रकाना आणि शून्य यांत फरक असतो: पहिल्याचा अर्थ कोणी पाहिले नाही, दुसऱ्याचा अर्थ पाहिले आणि पाऊस नव्हता.

हे मी हसनाबादच्या त्या शाळेला पत्राने कळविले होते. पुढच्या पावसाळ्यात तेथील विज्ञानशिक्षकांनी शाळेच्या गच्चीवर बरणी ठेवली आणि मुलांना पाळ्या लावून दिल्या. गावच्या वार्ताहरालाही त्यांनी वही दाखविली. 'दमदार पाऊस' असे लिहिण्याऐवजी तो आता मिलिमीटर लिहितो, असे त्यांचे उत्तर आले. पत्रासोबत वहीच्या पहिल्या पानाची नक्कल होती. पहिली ओळ त्याच मुलीच्या अक्षरात आहे: सकाळी साडेआठ, पाऊस शून्य मिलिमीटर, ढग होते.